सोलापूरचे डॉक्टर कोटणीस

विद्यार्थी मित्रांनो, बाहेरगावच्या माणसाला आपल्या बार्शीटाकळीचे नाव सांगितले, की त्याचा पुष्कळदा घोटाळा होतो. त्याला वाटते, आपण बार्शीचे. बार्शी हे गाव वेगळे. ते सोलापूर जिल्ह्यात आहे आणि आपण अकोला जिल्ह्यात. या पाठात आपल्याला त्या सोलापूरकडेच जायचे आहे. तिथून मात्र आपण फार लांब जाणार आहोत. समुद्र ओलांडून, मोठमोठ्या नद्या आणि उघडे डोंगर पार करून थेट उत्तर चीनपर्यंत. सोलापूरचा एक तरुण डॉक्टर या वाटेने गेला. त्याचे नाव द्वारकानाथ शांताराम कोटणीस.

सोलापूर हे कापडाच्या गिरण्यांचे शहर म्हणून प्रसिद्ध होते. तिथे १० ऑक्टोबर १९१० रोजी द्वारकानाथचा जन्म झाला. घर मध्यमवर्गीय होते आणि माणसे पुष्कळ. तीन भाऊ आणि पाच बहिणी. अशा घरातला एखादा मुलगा डॉक्टर झाला, की सगळ्यांच्या आशा त्याच्यावर खिळतात. धाकट्यांची शिक्षणे, बहिणींची लग्ने, आईवडिलांचे म्हातारपण, सारे त्याच्याकडे पाहू लागते. ही गोष्ट तुम्हांला समजावून सांगायला नको. आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात अशी घरे आहेत. द्वारकानाथ मुंबईला सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिकले आणि १९३६ च्या सुमारास डॉक्टर झाले. पुढचे शिक्षण घ्यावे, मोठे शस्त्रवैद्य व्हावे, असा त्यांचा विचार होता. शस्त्रवैद्य म्हणजे ऑपरेशन करणारा डॉक्टर.

त्याच वेळी तिकडे चीनमध्ये आग भडकली होती. ७ जुलै १९३७ रोजी पेकिंगजवळ जपानी आणि चिनी फौजांची चकमक झाली. त्यानंतर जपानने चीनवर मोठी चढाई केली. जपानकडे विमाने होती, तोफा होत्या, कारखाने होते. चीन आकाराने प्रचंड, पण गरीब. शहरांवर बॉम्ब पडू लागले. लाखो लोक घरेदारे सोडून पळू लागले. आणि त्या अफाट देशात शिकलेले डॉक्टर फार थोडे होते. खेड्यापाड्यांत तर नव्हतेच म्हणा ना! जखमी शिपायाला गोळीने मरण येत नसे, ते पुष्कळदा नंतर येई. जखमेत माती जाई, चिंधी जाई, मग जखम सडे. त्या काळी पेनिसिलिन बाजारात आलेले नव्हते. जखम लवकर साफ करणे, सडलेला भाग कापून काढणे, मोडलेले हाड जागच्या जागी धरून ठेवणे, हाच इलाज. त्याला जाणता हात हवा.

चिनी सेनापती चू तेह यांनी १९३७ च्या अखेरीस पंडित जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली. डॉक्टर पाठवा, औषधे पाठवा. आता लक्षात घ्या, त्या वेळी आपला देश स्वतःच इंग्रजांच्या ताब्यात होता. आपल्याकडे तरी डॉक्टर कुठे मुबलक होते? तरीही १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी लोकांना आवाहन केले. देशभर वर्गणी गोळा झाली. सुमारे २२,००० रुपये जमले. एक रुग्णवाहिका मिळाली. गुलाम देशातल्या लोकांनी आपल्या पैशा-आण्यांतून दुसऱ्या संकटात सापडलेल्या देशासाठी हे केले. मला तर ही वर्गणी पाठातल्या लढायांपेक्षाही मोठी वाटते.

मग पाच डॉक्टर निवडले गेले. पथकाचे प्रमुख अलाहाबादचे डॉ. मदन अटल. ते आधी स्पेनच्या युद्धात जखमींची सेवा करून आले होते. कलकत्त्याचे दोघे, डॉ. विजयकुमार बसू आणि डॉ. देबेश मुखर्जी. नागपूरचे डॉ. चोळकर, हे सर्वांत वडीलधारे. आणि सोलापूरचे कोटणीस. डॉ. चोळकरांचे नाव आपण वऱ्हाडातल्या लोकांनी विशेष ध्यानात ठेवायला हवे. नागपूरहून मुंबईला जाणारा लोहमार्ग आपल्या अकोल्यावरूनच जातो, आणि त्या काळी नागपूर व अकोला एकाच प्रांतात होते. कोटणीसांची कीर्ती झाली, ती व्हायलाच हवी होती. पण चोळकरांसारखी माणसे उतारवयात घर सोडून निघाली, हेही लहान काम नव्हे.

कोटणीसांच्या घरी चीनविषयी काय ठाऊक होते? जवळजवळ काहीच नाही. चिनी रेशीम विकायला फेरीवाले येत, तेवढीच चीनची ओळख. मुलगा इतक्या दूर, तेही लढाईच्या मुलखात जाणार म्हणून आईला फार वाईट वाटले. तो काळ आजच्यासारखा नव्हता. फोन नाही, पत्राला आठवडेच्या आठवडे लागत. तरी घरच्यांनी निरोप दिला. १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईच्या बंदरातून आगबोट सुटली. कोटणीसांना अठ्ठाविसावे वर्ष पुरे व्हायला महिना-सव्वा महिना बाकी होता.

ते सप्टेंबरच्या मध्यावर हाँगकाँगमार्गे कॅन्टनला पोहोचले. तिथून हांको शहरी गेले. पण जपानी फौज त्यांच्या मागोमागच येत होती म्हणा ना. ऑक्टोबर १९३८ मध्ये आधी कॅन्टन पडले, पाठोपाठ हांकोही पडले. पथक यांगत्से नदीच्या काठाने मागे सरत, ठिकठिकाणच्या दवाखान्यांत काम करत चुंगकिंगला आले. इथून पुढे येनानला जायचे होते. वाट लांबची, हिवाळ्याची आणि धोक्याची.

चुंगकिंगला असतानाच कोटणीसांना घरून निरोप आला, की वडील वारले.

क्षणभर पुस्तक खाली ठेवा आणि विचार करा. घर हजारो मैलांवर. आई एकटी पडलेली. धाकटी भावंडे. बरोबरच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितले, की तुम्ही परत जा, कोणी तुम्हांला नाव ठेवणार नाही. खरोखरच कोणी नाव ठेवले नसते. परत जाणे हेही कर्तव्यच होते. मोठा आजारी पडला किंवा गेला, म्हणजे मुलाने घरी असावे, ही आपली सगळ्यांचीच रीत आहे. कोटणीस परत गेले नाहीत. पुढे येनानकडे निघाले. त्यांनी बरोबर केले की चूक? वर्गात हा प्रश्न मी विचारला, म्हणजे निम्मी मुले एका बाजूला आणि निम्मी दुसऱ्या बाजूला जातात. मुली बहुधा आईच्या बाजूने बोलतात. या प्रश्नाचे सोपे उत्तर माझ्याकडे नाही. एवढे मात्र खरे, की सोलापूरच्या त्या घराने याची किंमत मोजली. डॉक्टर एकट्याने काही दिले नाही. आईनेही दिले आणि भावंडांनीही दिले. चरित्रे लिहिणारे लोक ही गोष्ट दोन ओळींत उरकतात.

१२ फेब्रुवारी १९३९ रोजी पथक येनानला पोहोचले. येनानचा मुलूख विचित्र आहे. तिथले डोंगर पिवळ्या, मऊ मातीचे. लोक डोंगराच्या पोटात गुहा खोदून घर करतात. हिवाळ्यात ऊब, उन्हाळ्यात गारवा. आणि त्या काळात आणखी एक फायदा होता, वरून पडणाऱ्या बॉम्बपासून बचाव. दवाखानाही गुहांतच होता. रांगेने खोदलेल्या खोल्या, आत मातीच्या ओट्यांवर रोगी. (दवाखाना, जखमी, इलाज, मुलूख. पाहा, या मराठी पाठात तुमच्या घरचे किती शब्द आले!)

चुंगकिंगला असतानाच पाचही डॉक्टरांना चिनी नावे मिळाली होती. प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी ‘हुआ’ हे अक्षर जोडले गेले. ‘हुआ’ म्हणजे चीन. कोटणीसांचे नाव झाले के तिहुआ. पुढे चीनमध्ये ते याच नावाने ओळखले गेले. आजही त्यांच्या कबरीवर हेच नाव आहे.

हळूहळू पथक पांगले. चोळकर आणि मुखर्जी १९३९ मध्ये भारतात परतले. पुढे अटलही परतले. त्यांच्या प्रकृती ढासळल्या होत्या. त्यात कमीपणा काही नाही. ते ज्या कामाला गेले होते, ते त्यांनी केले होते. उरले बसू आणि कोटणीस. बसू पुढे येनानच्या दवाखान्यात राहिले. कोटणीस मात्र त्याहून पुढे, उत्तरेच्या डोंगराळ भागात, जपानी फौजेच्या पिछाडीला लढणाऱ्या सैन्याबरोबर गेले.

त्या आघाडीवर कॅनडाचे एक डॉक्टर आधीपासून काम करत होते. त्यांचे नाव नॉर्मन बेथ्यून. बेथ्यून यांचा विचार साधा पण नवा होता. जखमी माणूस डॉक्टरपर्यंत पोहोचेपर्यंत मरतो, तर डॉक्टरनेच जखमीपर्यंत जावे. म्हणून त्यांनी ऑपरेशनचे सारे सामान खेचरांच्या पाठीवर लादता येईल असे बांधले. लढाई जिथे, तिथून थोड्या अंतरावर एखादे घर किंवा देऊळ गाठायचे, टेबल मांडायचे आणि काम सुरू. आज आपल्याकडे अपघात झाला, की रोग्याला घेऊन अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयाकडे धावपळ होते. वाटेत गेलेला वेळ किती महाग असतो, हे ज्याच्या घरी असा प्रसंग आला त्याला विचारा. बेथ्यून यांनी तो वेळच कमी केला. पण ऑपरेशन करताना त्यांच्या बोटाला इजा झाली. रबरी हातमोजे नव्हते. जखमेतले विष रक्तात भिनले आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी ते वारले. कोटणीस आणि त्यांचे सोबती तिकडे निघाले होते. त्यांची आणि बेथ्यून यांची भेट झालीच नाही.

बेथ्यून यांच्या नावाने तिथे दवाखाना आणि वैद्यकीय शाळा चालू राहिली. कोटणीस तिथे काम करू लागले. जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे ते पहिले संचालक झाले. एवढे मोठे नाव ऐकून तुमच्या डोळ्यांसमोर उंच इमारत उभी राहिली असेल. तसे काही नव्हते. रुग्णालय म्हणजे खेड्यांतून विखुरलेली शेतकऱ्यांची घरे. एका घरात दोन रोगी, दुसऱ्यात तीन. शत्रू जवळ आल्याची खबर लागली, की गावकरी स्ट्रेचर खांद्यावर घेत आणि जखमींना डोंगरात नेत. शत्रू गेला, की पुन्हा खाली. जपान्यांनी नाकेबंदी केली होती, म्हणून औषधे येत नसत. पट्ट्या धुऊन, उकळून पुन्हा वापरत. मोडलेल्या हाडाला आधार द्यायला गावच्या सुताराकडून लाकडी फळ्या करून घेत.

१९४० मध्ये या भागात मोठी लढाई झाली. तिच्यात एकदा कोटणीसांनी ७२ तास न झोपता ऑपरेशने केली. ७२ तास म्हणजे तीन दिवस आणि तीन रात्री. त्या लढाईत त्यांनी आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले. हे आकडे वाचायला सोपे आहेत. परीक्षेच्या आदल्या रात्री तुम्ही एक रात्र जागता आणि सकाळी अक्षरे नाचू लागतात. इथे हातात चाकू होता आणि समोर माणूस होता.

परंतु माझ्या मते कोटणीसांचे सर्वांत मोठे काम ऑपरेशनच्या टेबलावर झाले नाही. ते वर्गात झाले. तुम्ही म्हणाल, सर शिक्षक आहेत म्हणून असे म्हणतात. असेल तसे! पण हिशेब करून पाहा. एक डॉक्टर किती जखमींना वाचवील? त्याने पन्नास जणांना शिकवले, तर ते पन्नास जण किती जणांना वाचवतील? बेथ्यून यांच्या नावाच्या त्या शाळेत खेड्यातली, थोडेसेच शिकलेली मुले येत. त्यांना शरीर म्हणजे काय, जखम म्हणजे काय, इथपासून शिकवायचे होते. आणि शिकवायचे कोणत्या भाषेत? त्या मुलांना इंग्रजी येत नव्हते. मराठीचा तर प्रश्नच नाही. म्हणून कोटणीस चिनी भाषा शिकले. चिनी लिपीत आपल्यासारखी बाराखडी नसते, उर्दूसारखे अलिफ-बे नसते. तिथे निरनिराळी चित्रासारखी अक्षरे. अशी हजारो अक्षरे. दिवसभर रोगी तपासायचे आणि रात्री ती गिरवायची. तीस वर्षांचा डॉक्टर पाटी-पेन्सिल घेतलेल्या पोराप्रमाणे बसला आणि थोड्या वर्षांत त्या भाषेत वर्ग घेऊ लागला. त्या भाषेत शस्त्रक्रियेचे पाठ्यपुस्तकही लिहू लागला. तुम्हांला मराठीतली ऱ्हस्व-दीर्घाची कटकट वाटते, ती आठवून मला थोडे हसू येते.

गावकऱ्यांना हा सावळा, हसतमुख डॉक्टर आपला वाटू लागला. तो त्यांच्या बरोबरीने ज्वारी-बाजरीसारखे भरडधान्य खाई, त्यांच्यासारखा जाड कापसाचा कोट घाली. शिपायांनी त्याला प्रेमाने ‘काळी आई’ असे नाव दिले होते. पुरुषाला आई म्हणायचे म्हणजे त्याने जखमींची उशापायथ्याशी बसून किती सेवा केली असेल!

१९४० मध्ये बेथ्यून यांच्या समाधीच्या उद्घाटनाला कोटणीसांची क्वो चिंगलान या तरुणीशी ओळख झाली. ती शाळेत परिचारिकांना शिकवत असे. १९४१ मध्ये त्यांचे लग्न झाले. २३ ऑगस्ट १९४२ रोजी मुलगा झाला. त्याचे नाव सेनापती न्ये रुंगचेन यांनी सुचवले, इनहुआ. ‘इन’ म्हणजे भारत आणि ‘हुआ’ म्हणजे चीन. त्याच वर्षी कोटणीस चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासदही झाले. आता ते पाहुणे राहिले नव्हते.

पण शरीर थकले होते. सततची धावपळ, अपुरे अन्न, थंडी. त्यांना अपस्माराचे झटके येऊ लागले. अपस्मार म्हणजे मिरगी. झटका आला की शुद्ध जायची. शुद्धीवर आले, की ते पुन्हा कामाला लागत. उपचारासाठी दुसरीकडे जा, विश्रांती घ्या, असे वरिष्ठांनी सुचवले. तिथे लढाईच्या तोंडावर त्यांच्या आजाराला औषध नव्हते. पण त्यांची जागा घ्यायला दुसरा शस्त्रवैद्यही नव्हता. ते तिथेच राहिले. पाठ्यपुस्तकाचा पहिला भाग लिहून झाला होता, दुसरा चालू होता. ९ डिसेंबर १९४२ रोजी एकामागून एक झटके आले आणि डॉक्टर कोटणीस वारले. वय अवघे ३२. मुलगा साडेतीन महिन्यांचा. पुस्तकाचा दुसरा भाग अपुरा राहिला.

त्यांना होपेई प्रांतात, ज्या भागात त्यांनी काम केले तिथेच पुरले. पुढे शिचियाच्वांग शहरातील शहिदांच्या स्मशानभूमीत त्यांची कबर हलवली. त्याच आवारात डॉ. बेथ्यून यांचीही कबर आहे. जिवंतपणी न भेटलेले ते दोघे तिथे एकमेकांचे शेजारी झाले.

भारतात त्यांची कथा सर्वांना सांगितली ती कोणी, ठाऊक आहे? ख्वाजा अहमद अब्बास यांनी. उर्दूचे हे नामवंत कथाकार पानिपतचे. तुमच्या उर्दूच्या तासाला त्यांचे नाव आले असेल. त्यांनी १९४४ मध्ये या पथकावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्यावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला आणि कोटणीसांची भूमिका स्वतः केली. चीनने १९८२ मध्ये आणि भारताने १९९३ मध्ये त्यांच्या नावाची टपाल तिकिटे काढली. १९६२ मध्ये भारत-चीन युद्ध झाले आणि दोन्ही देशांत कटुता आली. तरी शिचियाच्वांगची कबर तशीच जपली गेली. चीनचे मोठे नेते भारतात आले, की कोटणीसांच्या घरच्या मंडळींची भेट घेत.

इनहुआ मोठा झाला. वडिलांप्रमाणे डॉक्टर होण्यासाठी शिकत होता. पण १९६७ मध्ये, शिक्षण पुरे होण्याच्या बेतात असतानाच, तो वारला. क्वो चिंगलान यांनी त्यानंतरही पुष्कळ वर्षे काढली. त्या अनेकदा भारतात आल्या, सासरच्या माणसांना भेटल्या. २०१२ च्या जून महिन्यात चीनमधील दालियन शहरी त्यांचे निधन झाले.

त्याच वर्षाच्या सुरुवातीला सोलापुरात भय्या चौकाजवळच्या कोटणीसांच्या जुन्या घरी महापालिकेने स्मारक खुले केले. सोलापूरला कधी गेलात, तर बघून या. ज्या घरात चीन म्हणजे रेशीम विकणारा फेरीवाला एवढीच ओळख होती, ते हेच घर.